बाबांचा जुना लॅपटॉप आणि 'ॲक्टिव्हेट विंडोज'ची पाटी, काय करावं?

कर्वेनगरची
नमस्कार मंडळी. तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

बाबांसाठी गेल्या वर्षी रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला. पाचव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम, दुकानदाराने २५६ ची एसएसडी घालून दिली आणि वर विंडोज १० प्रो. बिलावर चक्क 'ओरिजिनल विंडोज' असं लिहिलंय. बाबांचं काम म्हणजे सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये, ज्येष्ठ नागरिक संघाचं त्रैमासिक श्रीलिपीत (मराठी छपाईचं सॉफ्टवेअर) लावायचं आणि संध्याकाळी यूट्यूबवर नाट्यसंगीत. सहा-सात महिने काही तक्रार नव्हती आणि आता उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं आलीत, काहीही उघडलं तरी ती वर दिसतातच. डेस्कटॉपचं चित्र बदलायला गेलं तर ते सेटिंगच बंद.

सेटिंग्जमध्ये म्हणतंय की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही, कोड ०एक्ससी००४एफ०७४. यावर बाबांचं म्हणणं, "ऑर्गनायझेशन म्हणजे आपली सोसायटी ना? मग सेक्रेटरीलाच कसं कनेक्ट होत नाही?" त्यांना काय सांगू?

ट्रबलशूटर चालवून झाला, उपयोग शून्य. दुकानदार म्हणतो आणून द्या, फॉरमॅट मारून देतो, हजार रुपये होतील. फॉरमॅट खरंच लागेल का? आणि असंच वापरत राहिलं तर बंद पडेल का?

विंडोजऐवजी लिनक्स सुचवणाऱ्यांना आधीच साष्टांग नमस्कार. श्रीलिपीचं डोंगल आहे, ते लॅपटॉपला लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही.

हलकंफुलकं
पयला नंबर! यातलं काहीही कळत नाही, पण बाबांचा प्रश्न बिनतोड आहे. सर्वसाधारण सभेत मांडा.

पेंग्विनप्रेमी
नमस्कार पोचला. तरीही सांगतो, पाचव्या जनरेशनच्या आय५ वर लिनक्स मिंट लोण्यासारखं चालेल, कोपऱ्यात पाटी नाही, लायसन्सची की (परवान्याचा कोड) नाही, सर्व्हर नाही. डोंगलचा प्रश्न खरा आहे, वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवणारा प्रोग्राम) ते चालेलच असं छातीठोक सांगता येणार नाही. पण दोन्ही ठेवता येतात की, एकाच डिस्कवर.

जुनाजाणता
आधी घड्याळ बघा ताई. हसू नका, जुन्या लॅपटॉपात दहातल्या पाच वेळा हेच असतं. मदरबोर्डवर एक बटणासारखा सेल असतो, २०३२ नंबरचा. तो मेला की लॅपटॉप बंद करून चालू केला की तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. मग मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर जे सुरक्षा प्रमाणपत्र दाखवतो ते आपल्या मशीनला 'अजून सुरूच झालेलं नाही' असं वाटतं, संपर्कच नाकारला जातो आणि ॲक्टिव्हेशन बोंबलतं. माझ्या मेव्हण्याच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं, तो महिनाभर राउटरवाल्याला शिव्या देत होता. काही लॅपटॉपात हा सेल नुसता खोबणीत बसवलेला असतो आणि काहींत काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वायरीला छोटं कनेक्टर लावलेला, त्यामुळे उघडून फोटो काढा आणि मग तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जा, तिथे मिळेल. गाडी अजिबात नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा. गाडी लावायला जागा शोधण्यात सेलच्या किमतीपेक्षा जास्त पेट्रोल जाईल.

रात्रपाळी
जुनाजाणता काका, घड्याळाचं बरोबर आहे पण त्याचा कोड वेगळा असतो, बहुतेक वेळा ८००७२एफ८एफ. ताईंचा एफ०७४ आहे. तो फार स्पष्ट बोलतोय, आपण ऐकत नाही इतकंच.

मी हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, हा कोड आठवड्यातून एकदा तरी समोर येतो. अर्थ असा. मोठ्या कंपन्या प्रत्येक मशीनसाठी वेगळी की घेत बसत नाहीत, त्यांच्या नेटवर्कमध्ये स्वतःचा एक ॲक्टिव्हेशन सर्व्हर असतो, त्याला केएमएस म्हणतात. ऑफिसातली मशीनं त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात, पण कायमची नाही, १८० दिवसांसाठी. दर ७ दिवसांनी मशीन सर्व्हरला हाक मारतं आणि मुदत परत १८० दिवस पुढे जाते. सर्व्हर दिसेनासा झाला की उरलेले दिवस संपेपर्यंत सगळं छान आणि मग पाटी.

आता ताईंचा पहिला परिच्छेद परत वाचा. 'सहा-सात महिने काही तक्रार नव्हती.' १८० दिवस म्हणजे किती?

म्हणजे या लॅपटॉपवर बाबांच्या नावाचं सोडा, त्या लॅपटॉपच्या नावाचंही लायसन्स बसवलेलं नाही. एक तर कुठल्या तरी ऑफिसचं आहे, नाही तर दुकानदाराने 'ॲक्टिव्हेटर' मारलाय, जो आतून केएमएसचंच सोंग घेतो. कुठलं ते बघायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि एसएलएमजीआर, मग स्पेस, मग स्लॅश आणि डीएलव्ही असं टाइप करा. काही सेकंदांनी एक खिडकी येईल. त्यात 'डिस्क्रिप्शन'च्या ओळीत शेवटी काय लिहिलंय आणि खाली केएमएस मशीनचं नाव काय आहे ते इथे सांगा. आधी निदान, मग फॉरमॅट.

आणि बंद पडेल का, तर नाही. पाटी राहील, रंग आणि चित्रं बदलता येणार नाहीत, मधूनमधून आठवण करत राहील. फाइली कुठे जात नाहीत.

हलकंफुलकं
देवनागरीत टाइप केलं तर चालेल का कमांड? एसएलएमजीआर?

रात्रपाळी
चालणार नाही. इथे आपल्याला सगळं देवनागरीत लिहायची शिस्त आहे म्हणून. @कर्वेनगरची, दोन कमांड व्यनि (वैयक्तिक निरोप) केल्यात, तिथून कॉपी करा.

सदाशिवपेठी
बिलावर 'ओरिजिनल' लिहिलंय ते खरंच आहे. ओरिजिनल कोणाचं हे लिहिलेलं नाही.

झटपट
एवढा उहापोह कशाला राव. नेटवर ॲक्टिव्हेटर मिळतो, अँटीव्हायरस दोन मिनिटं बंद करायचा, डबल क्लिक, पाटी गायब. मी कॉलेजपासून वापरतोय, काही झालं नाही.

रात्रपाळी
@झटपट, हा अँटीव्हायरस 'दोन मिनिटं' बंद का करायला लावतात याचा कधी विचार केलास का? यातले बरेच जण स्वतःच्या फोल्डरला डिफेंडरच्या (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) तपासणीतून कायमची सूट देऊन ठेवतात आणि टास्क शेड्युलरमध्ये स्वतःला टाकून घेतात. त्या सूट दिलेल्या फोल्डरमध्ये पुढे काय येऊन बसतं ते तुला दिसत नाही, म्हणून 'काही झालं नाही'. ताईंचे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्या मशीनवरून नेटबँकिंग होत असेल, शंभर घरांचा मेंटेनन्स आहे. तुझ्या गेमिंगच्या मशीनची गोष्ट वेगळी.

झटपट
बरं बाबा. ह.घ्या. (हलकेच घ्या)

काटकसर
मधला मार्ग आहे ना. ऑनलाइन चारपाचशे रुपयांत प्रो ची की मिळते, जीएसटीचं बिल नसतं पण चालते. मी दोन मशीनवर टाकलीय. कंपनीची किंमत दहा-बारा हजारांच्या वर आहे, दहा वर्षं जुन्या लॅपटॉपला कोण देणार तेवढे?

भवानी_पेठ
काटकसर, मीही घेतली होती. वर्षभर चालली आणि मग एके दिवशी सी००४सी००३, म्हणजे ती की मायक्रोसॉफ्टने ब्लॉक केलीय. विकणाऱ्याला मेसेज केला तर त्याचं पानच गायब. त्या कीज बहुतेक कुठल्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या (एकाच वेळी अनेक मशीनसाठी घेतलेल्या) असतात, शंभर जणांना विकतात, वरून लक्षात आलं की सगळ्यांची एकदम जाते.

काटकसर
माझी अजून चालू आहे.

सदाशिवपेठी
शुभेच्छा.

धायरी_फाटा
थोडं अवांतर, पण विषय तोच. बायकोच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा आकडा ऐकून आम्ही चहा मागवला आणि शेवटी ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दिला, त्याने दुसऱ्या मशीनचा वापरलेला बोर्ड बसवून दिला. मशीन चालू झालं पण विंडोज म्हणे हार्डवेअर बदललंय, लायसन्स सापडत नाही, ८०३एफ७००१. आमचं विंडोज होम होतं, म्हणजे प्रो पेक्षा साधी, घरगुती एडिशन. बरीच डोकेफोड करून शेवटी नव्याने इन्स्टॉल करायला घेतलं तर त्याने न विचारता प्रो टाकलं आणि ॲक्टिव्हेटही झालं! फुकटात बढती. हे कसं काय ते मला आजतागायत कळलं नाही.

रात्रपाळी
कारण लायसन्सची की मदरबोर्डात असते. विंडोज ८ पासून लॅपटॉप कंपन्या की थेट बायोसमध्ये (बोर्डावरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) लिहून पाठवतात, स्टिकरवर नाही. तुम्हाला मिळालेला बोर्ड प्रो च्या मशीनचा होता, इन्स्टॉलरने त्यातली की वाचली आणि त्याप्रमाणे एडिशन निवडली. तुमचं आधीचं लायसन्स जुन्या बोर्डाबरोबर गेलं. अधिकृत सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलतं तेव्हा की नव्या बोर्डात लिहून देणं त्यांचं काम असतं.

हेच कर्वेनगरच्या ताईंनाही लागू आहे. त्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये त्याची स्वतःची की असण्याची शक्यता भरपूर आहे, दुकानदाराने तिच्याकडे बघितलंच नसेल. दुसरी कमांड त्यासाठीच पाठवलीय.

आप्पा_बळवंत
विंडोज ७ च्या काळात की खाली स्टिकरवर असायची. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ती हाताच्या घामाने आणि मांडीवर घासून पार पुसली गेली, भिंग लावून बी आणि ८ यातला फरक शोधत बसलो होतो. काही मॉडेलांना बॅटरीच्या खाचेत असायची, ती मात्र शाबूत राहिली. ज्यांच्याकडे अजून तसलं मशीन आहे त्यांनी आजच फोटो काढून ठेवा. अर्थात आता काढून तरी काय करणार, ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला.

नियमावली
आणि त्या ७ च्या किंवा ८ च्या कीवर आता १० ॲक्टिव्हेट होणारही नाही. फुकट अपग्रेडची ऑफर जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ होती, त्यानंतरही सात वर्षं जुन्या कीज चालत होत्या, लोकांनी गुपचूप फायदा घेतला, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर करून तो मार्ग बंद केला. त्यामुळे बायोसमध्ये की सापडली म्हणून लगेच पेढे वाटू नका. पाचव्या जनरेशनचं मशीन म्हणजे २०१५ च्या आसपासचं, ८.१ सोबत आलं असण्याची शक्यता जास्त.

कर्वेनगरची
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. संध्याकाळी बाबांकडे बसून केलं सगळं.

जुनाजाणता काका, घड्याळ बरोबर आहे, बंद करून चालू करूनही.

@रात्रपाळी, डिस्क्रिप्शनमध्ये 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल' असं आलंय. केएमएस मशीनच्या नावापुढे कुठल्या तरी वेबसाइटसारखं नाव आहे, मध्ये टिंबं आणि पुढे १६८८. कंपनीचं वगैरे वाटत नाही. दुसऱ्या कमांडने एक २५ अक्षरांची की दिली (इथे टाकत नाही, घाबरू नका) आणि तिच्या वर्णनात 'कोअर सिंगल लँग्वेज'. म्हणजे चांगलं की वाईट? बाबा विचारतायत की सिंगल लँग्वेज म्हणजे मराठी चालणार नाही का.

रात्रपाळी
मराठी चालेल, काकांना सांगा निर्धास्त राहा. टायपिंग, फॉन्ट, कीबोर्ड हव्या तेवढ्या भाषांचे. विंडोजचे मेनू नंतर दुसऱ्या भाषेत बदलता येत नाहीत एवढंच. भारतात घरगुती लॅपटॉप बहुतेक याच एडिशनचे येतात.

'कोअर' म्हणजे होम. यावरून दोन गोष्टी कळल्या. एक, हा कुठल्याही ऑफिसातून निघालेला लॅपटॉप नाही. ऑफिसं होम सिंगल लँग्वेज विकत घेत नाहीत, त्यांना डोमेनला (ऑफिसच्या सामाईक नेटवर्कला) जोडायला प्रो लागतं. हा कोणाच्या तरी घरातला आहे. दोन, दुकानदाराने त्यावर प्रो टाकून बाहेरच्या कुठल्या तरी अनोळखी केएमएस सर्व्हरचा पत्ता कोंबला, १६८८ हा केएमएसचा पोर्ट. तो सर्व्हर बंद पडला किंवा त्याचं नाव बदललं. त्यामुळे हजार रुपये देऊन फॉरमॅट केलंत तर परत तेच, पुढच्या १८० दिवसांची सोय.

बायोसमधली की होमची, बसवलेलं प्रो. ती की कितीही वेळा टाकलीत तरी प्रो घेणार नाही, कुलूप वेगळं आहे. प्रो वरून होमवर सगळं जसंच्या तसं ठेवून खाली येता येत नाही, तेव्हा नव्याने इन्स्टॉल करावंच लागेल. काकांना प्रो मधलं काही लागत नाही, बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणं), डोमेन, बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येणं, यातलं ते काही करत नसावेत.

नियमावलींचा मुद्दा रास्त आहे, पण पूर्ण नाही. २०२३ नंतर ८.१ च्या कीवर *नवीन* डिजिटल लायसन्स (मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची त्या मशीनची नोंद) मिळत नाही. पण या मशीनच्या आधीच्या मालकाने २०१५-१६ मध्ये, किंवा २०२३ पर्यंत कधीही, १० वर अपग्रेड केलं असेल तर या बोर्डाची नोंद मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आधीच आहे आणि ती पुसलेली नाही. डिस्क बदलली, एसएसडी टाकली तरी चालतं, बोर्ड तोच हवा. तेव्हा करून बघण्याखेरीज इलाज नाही. मी पैज लावायची तर होईल म्हणून लावेन, त्या काळात १० चं अपग्रेड लोकांच्या मागे हात धुवून लागलं होतं, टाळणं अवघड होतं.

नियमावली
मान्य. 'असेल तर' यावर सगळं आहे. झालं नाही तर मशीन ८.१ च्या लायकीचं, आणि ८.१ चाही सपोर्ट १० जानेवारी २०२३ ला संपलाय.

अक्षरजुळणी
थांबा थांबा, फॉरमॅटच्या आधी श्रीलिपीचं बघा! मी नारायण पेठेत पंचवीस वर्षं डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावणं) केलंय, लोक नेमकं हेच विसरतात. मजकुराच्या फाइली सगळेच कॉपी करतात पण फॉन्ट राहून जातात. जुन्या फाइली युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसतील तर त्या फॉन्टशिवाय उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तेव्हा विंडोजचा फॉन्ट फोल्डर आख्खा उचलून पेनड्राइव्हवर ठेवा. डोंगलचा ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा सेटअप घरात कुठे आहे ते आधी शोधा, विंडोज गेल्यावर शोधू नका. सीडी असेल तर या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह आहे का हेही बघा! काही अडलं तर श्रीलिपी बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक पुण्याचीच कंपनी आहे, विचारता येईल.

अवांतर: त्रैमासिक अजून श्रीलिपीत का? युनिकोडमध्ये लावलं तर तोच मजकूर व्हॉट्सॲपवर, वेबसाइटवर कुठेही जातो. रूपांतर करून देणारी साधनं आहेत.

कर्वेनगरची
बाबांना विचारलं. म्हणाले छापखानेवाल्याला तीच फाइल लागते आणि छापखानेवाला म्हणतो गिऱ्हाइकं तीच आणतात.

सदाशिवपेठी
हे असंच अजून वीस वर्षं चालेल. संघाचे सभासद ज्येष्ठच असतात.

पेंग्विनप्रेमी
एक प्रश्न कोणीच विचारला नाही. विंडोज असं, तर एक्सेल कुठून आलं?

कर्वेनगरची
दुकानदारानेच टाकून दिलं होतं... 'ऑफिस फ्री' म्हणाला होता.

रात्रपाळी
मग तेही त्याच सर्व्हरवर असणार. ऑफिससुद्धा केएमएसने ॲक्टिव्हेट होतं. नव्याने इन्स्टॉल केल्यावर ते जाईल आणि जाऊ द्या. लिबरऑफिस टाका, फुकट आहे, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या शीट्स त्यात उघडतील. नाही तर ब्राउझरमधलं फुकटचं एक्सेल.

पेंग्विनप्रेमी
म्हणजे अर्धा विजय आमचा. :D

झटपट
प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

ग्राहकराजा
सगळे तांत्रिक बोलताहेत, पैशाचं कोणी बोलत नाही. बिलावर 'ओरिजिनल विंडोज' लिहून बोगस टाकून दिलं, ही सरळसरळ फसवणूक आहे. रिफर्बिश्ड मशीनवर विंडोज देण्यासाठी मायक्रोसॉफ्टची अधिकृत रिफर्बिशरांसाठी वेगळी योजना आहे, त्यात मशीनवर त्यांचा नवा लायसन्स स्टिकर येतो. तो नसेल तर दुकानदाराने काय दिलं हे त्याला विचारा. आधी त्या डीएलव्हीच्या खिडकीचा फोटो काढून ठेवा, इन्स्टॉल केल्यावर पुरावा जाईल! दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

कर्वेनगरची
फोटो काढलाय. आणि ग्राहकराजा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला, तर त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर पत्रच लिहायला घेतलं, 'विषय: सदोष विंडोजबाबत'. जावक क्रमांकासकट. मी लेटरहेड बदलायला लावलं.

हलकंफुलकं
विषय: सदोष विंडोजबाबत. =)) सुताराला पाठवलं तर तोही येईल.

भवानी_पेठ
=)) =))

कर्वेनगरची
झालं! सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर काढलं, फॉन्टसकट. अक्षरजुळणी काका, श्रीलिपीची सीडी कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली, आणि हो, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाहीच, शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवरून पेनड्राइव्हवर उतरवली. ब्राउझरमधले पासवर्ड बाबांच्या वहीत आहेत (माहितीये, माहितीये, कोणी बोलू नका).

मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेतलं आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० केलं. इन्स्टॉल करताना त्याने कुठली एडिशन हवी असं विचारलंच नाही, आपोआप होम सिंगल लँग्वेज घेतलं. सगळे जुने पार्टिशन काढून टाकले. वायफाय जोडलं, चहा करून आले, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड विथ अ डिजिटल लायसन्स'. नियमावली, म्हणजे आधीच्या मालकाने अपग्रेड केलं होतं. जो कोणी असेल त्याचे आभार.

डोंगलने पहिल्यांदा नखरे केले, ड्रायव्हर ॲडमिन म्हणून चालवल्यावर ओळखलं. लिबरऑफिसमध्ये मेंटेनन्सची शीट उघडली, बेरजा बरोबर आहेत, पण रंग थोडे वेगळे दिसतात आणि त्यावरून बाबा माझ्याशी बोलत नाहीयेत.

दुकानदाराकडे पत्र घेऊन बाबा स्वतः गेले. तो आधी म्हणाला सगळे असंच देतात. मग बाबांनी फोटो दाखवला आणि तिथेच उभं राहून इतर गिऱ्हाइकांना केएमएस म्हणजे काय ते समजावायला लागले. पंधराशे रुपये परत दिले त्याने.

रात्रपाळी
काकांना आमच्या टीममध्ये घ्यायला हवं. अभिनंदन! आता सेटिंग्जमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून लायसन्स त्याला जोडून ठेवा, म्हणजे पुढे हार्डवेअर बदललं तर ट्रबलशूटरमधून 'मी हार्डवेअर बदललंय' म्हणून सांगून परत मिळवता येण्याची शक्यता राहते. जोडणी आधी केलेली असावी लागते, नंतर नाही.

जुनाजाणता
तरी सेल बदलून घ्या. दहा वर्षं झालीत त्याला.

भवानी_पेठ
पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला ना? मग एवढं करून काय उपयोग? ११ का नाही टाकलं?

नियमावली
११ ला अधिकृतपणे आठव्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. पाचव्यावर पळवाटेने बसतं, पण पुढचे मोठे अपडेट येतीलच याची हमी नाही, ज्येष्ठांच्या मशीनवर मी ते करणार नाही.

रात्रपाळी
१० साठी एक्सटेंडेड सिक्युरिटी अपडेट (सपोर्ट संपल्यानंतरचे वाढीव सुरक्षा अपडेट) आहेत, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. आवृत्ती २२एच२ हवी. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल'चा दुवा दिसतो. पैसे भरायचा पर्याय आहे, पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट होतं. दुवा लगेच दिसला नाही तर आधी राहिलेले सगळे अपडेट घालून रीस्टार्ट करा.

पेंग्विनप्रेमी
आणि त्यानंतर मी आहेच.

कर्वेनगरची
दुवा दिसला, एनरोल झालं. संपादक, शीर्षकात 'सुटला' टाकता येईल का?

काटकसर
जाता जाता एक विचारतो. माझ्या एका मशीनवर आज सकाळपासून सी००४सी००३ येतोय...

सदाशिवपेठी
नवीन धागा काढा.